दर्याचं पाणी

भर दुपारी कुंपणातून कोल्हा आत आला तेव्हा नामा ओंडक्यावर बोकडाच्या फासळ्या तोडत होता.

कोल्हा दुपारचा येत नाही. आलाच तर माणूस बघून पळतो. हा पळाला नाही. तोंडातून फेस गाळत, तिरका चालत तो सरळ नामाच्या अंगावर आला. नामा सुरा उचलतो न उचलतो तोच दर्यानं मध्ये झेप घेतली.

दर्या हा विश्वंभररावांचा शिकारी कुत्रा. जंगलखात्यातून निवृत्त होऊन रावसाहेब रेवसजवळच्या आपल्या वाडीत राहायला आले, ते या कुत्र्याला आणि एका नियमाला घेऊनच. कुत्र्याला शिजवलेलं काही द्यायचं नाही. "शिजवलेल्या हाडाच्या सुया होतात, आतडं फाडतात," ते सांगायचे. "कच्चं हाड तो चावून खातो."

या कामाला त्यांनी नामाला ठेवलं. रोज सकाळी खाटकाकडून मांस, वजडी, काळीज आणायचं, तोडून ओल्या फडक्याखाली ठेवायचं, दुपारी घालायचं, मग ओंडका मिठानं घासायचा. बोटांना बारीक चिरा पडलेल्या असायच्याच. मीठ लागलं की त्या झोंबायच्या. दोन वर्षांत नामाला त्याची सवय झाली होती.

कोल्ह्यानं दर्याची मान पकडली. ओसरीवरून रावसाहेबांची बंदूक वाजली. पहिली गोळी मातीत गेली, दुसरीनं कोल्हा आडवा झाला.

नामा धावला. दर्याच्या गळ्यातला पट्टा फेसानं लिबलिबीत झाला होता. त्यानं तो सोडला आणि केस बाजूला सारत सगळी मान बोटांनी चाचपली.

"कुटं लागलं न्हाय, रावसाहेब. पट्ट्यानं वाचिवला."

"तुला चावला?"

"न्हाय. माज्यापत्तुर पोचलाच न्हाय त्यो."

रावसाहेब कोल्ह्याकडे बघत उभे राहिले. "पिसाळलेला होता. केसांत बारीकसा दात लागला असेल तर दिसायचा नाही. दर्याला तीन महिने बांधून ठेव. पाण्याला भ्यायला लागला की मी गोळी घालणार. म्हसळ्याला असताना एक लाकूडतोड्या तसा गेलेला मी पाहिलाय. ते हाल मी कुत्र्याचेसुद्धा करणार नाही."

नामा साखळी आणायला गेला.

दर्याला गाडीच्या पडवीत साखळीनं बांधलं. महिना गेला, दीड महिना गेला. दर्या खात होता, शेपूट हलवत होता. पाणी तेवढं कमी प्यायचा. रावसाहेब रोज येऊन भांड्यात वाकून बघायचे.

"मासातच पानी असतं, रावसाहेब," नामा म्हणायचा. "कच्चं खानारा कुत्रा लई पीत न्हाय."

मग एका सकाळी नामानं काळजाचा तुकडा पुढे केला. दर्यानं त्याचा हात हुंगला आणि तो मागे सरला. साखळी ताणली जाईपर्यंत मागे सरला. अंगावरचे केस उभे राहिले होते. नामानं तुकडा खाली ठेवला. दर्यानं तुकड्याकडे पाहिलं नाही. तो नामाकडे बघत राहिला.

दुपारीही तेच. पाण्याचं भांडं नामानं सरकवलं तसा तो कण्हला आणि भिंतीला चिकटला. नामा बाजूला बसला तर डोळे तिकडे फिरायचे. उठला तर त्याच्या मागोमाग फिरायचे.

नामाचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. तो पडवीतच मुक्कामाला आला. फरशीवर निजून उजवा हात बधिर पडायचा, मुंग्या यायच्या. समुद्रावरचा वारा आत शिरला की त्याला एकदम राग यायचा. वारा लागू नये म्हणून त्यानं पडवीला तरट बांधलं.

त्याची बायको बायजा भाकरी घेऊन आली. "अवो, कालपासनं अन्नाला शिवला न्हाईत. कुत्र्यापायी जीव देनार काय?"

"घशाखाली उतरत न्हाय, बायजा. त्यानं माज्यासाटी उडी घातली. आन आता मलाच वळखत न्हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी रावसाहेब बंदूक घेऊनच आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"खाल्लं?"

"न्हाय."

"पाणी?"

नामानं मान खाली घातली. मग एकाएकी त्यानं रावसाहेबांचे पाय धरले. "एक डाव बगा. तुमच्यासमोर बगा. न्हाय प्याला तर घाला गोळी. मी आडवा येनार न्हाय."

"उठ. ठेव पाणी."

नामाचे हात इतके थरथरत होते की त्याला भांडं उचलवेना. पडवीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बायजानंच ते उचललं. भीत भीत ती पुढे झाली, भांडं जमिनीवर टेकवलं, आणि घागरीतून आणलेलं पाणी तांब्यानं त्यात ओतलं.

रावसाहेबांनी बंदूक खांद्याला लावली.

दर्या उभा राहिला. बायजाचे पाय हुंगले. मग मान खाली घालून तो लप् लप् पाणी प्यायला लागला. भांडं रिकामं केलं. तिनं काळजाचा तुकडा टाकला, तो त्यानं वरच्या वर झेलला.

रावसाहेबांनी बंदूक खाली घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते. "अरे, धडधाकट आहे रे हा! नामा, उगाच तीन दिवस घोर लावलास जिवाला."

नामा मटकन खाली बसला. हसत होता, रडत होता. लाळ हनुवटीवरून ओघळत होती, ती पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"बायजा, त्याला आधी पाणी दे," रावसाहेब म्हणाले.

बायजानं तांब्या त्याच्या हातात दिला. नामानं तो तोंडाशी नेला. आत पाणी हललं मात्र, त्याचा गळा आवळला, मान मागे फेकली गेली, तांब्या लांब उडाला. पाठ भिंतीला लावून, सांडलेल्या पाण्यापासून पाय आखडून घेत तो घशातून कसलासा आवाज काढत राहिला.

बायजा त्याच्याकडे धावली.

"बायजा," रावसाहेब अगदी हळू म्हणाले, "मागं सर."