पुढे वाक, आई

वैजयंतीबाई स्कीवरून पुन्हा पडल्या. एक पाय उत्तरेला, एक दक्षिणेला आणि बूड बर्फात.

"वा! हा शॉट मस्त आलाय!" खालून चंद्रशेखर ओरडले. सकाळपासून हॅंडीकॅम हातात धरून त्यांनी बायकोची एकही आपटी सुटू दिली नव्हती. "पुण्याला गेल्यावर शशीला दाखवतो!"

शशी म्हणजे त्यांची बहीण. तिने पाहिलं म्हणजे सगळ्या नातेवाइकांनी पाहिल्यासारखंच. महाबळेश्वरला घोड्याने वैजयंतीबाईंना झुडपात टाकलं त्याला तीस वर्षं झाली, पण ती गोष्ट अजून घरच्या प्रत्येक लग्नात जिलबीबरोबर वाढली जायची. आता तर फिल्मच असणार होती.

त्या उठल्या. पडलो तरी नाक वर म्हणतात, तसं नाक वरच होतं, फक्त त्यावर बर्फ होता. त्यांना फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, वरून खालपर्यंत उभ्याने यायचं होतं. उद्या सकाळी मुलाच्या गाडीने स्कॉटलंडहून परत इंग्लंडला, मिल्टन कीन्सच्या त्याच्या घरी निघायचं होतं आणि ईस्टरनंतर इथला बर्फही फार दिवस टिकणार नव्हता. कुंपणाच्या फळ्यांपाशी वाऱ्याने साठवलेला तेवढा जाड होता, बाकी ठिकठिकाणी तपकिरी झुडपं डोकं वर काढून बघत होती.

उतार तसा बाळबोधच. बालवाडीतली पोरं त्यांच्या दोन्ही बाजूंनी सुळकन निघून जात होती. वर जायला चालत्या दोराला लोंबणारी गोल चकती पायांत धरायची असते. सकाळी बाई तिच्यावर झोपाळ्यावर बसावं तशा ऐसपैस बसल्या होत्या आणि चकती त्यांना तिथेच टाकून पुढे गेली होती. आता तेवढं तरी जमायला लागलं होतं.

वर त्यांचा मुलगा शार्दूल वाट बघत होता. तो स्कीइंग शिकला मिल्टन कीन्सच्या बंद हॉलमध्ये, तयार केलेल्या बर्फावर, त्यामुळे त्याच्याकडे तंत्र भरपूर होतं.

"आई, यू आर लीनिंग बॅक अगेन. पुढे वाक ना."

"पुढे वाकले तर तोंडावर पडेन."

"नाही पडणार गं. मागे गेलीस की स्कीज पायाखालून पळतात. ट्रस्ट मी."

"तू चालायला शिकलास तेव्हा मी लेक्चर दिलं नव्हतं. हात धरला होता."

शेजारी एक स्कॉटिश आजोबा काठ्यांवर रेलून हे सगळं ऐकत होते. भाषा कळत नसली तरी भांडण कळत होतं. ते बाईंना हळूहळू, हातवारे करत काही सांगू लागले. तरुणपणी ते स्की खांद्यावर टाकून हाच डोंगर चढायचे. तासभर चढायचं आणि एकदाच खाली यायचं. मग कुणीतरी जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन वर आणलं, त्याला दोर जोडला आणि इथली पहिली लिफ्ट झाली. ती सारखी बंद पडायची.

"अँड देन?" बाईंनी विचारलं.

"देन वी वॉक्ड," आजोबा हसले. "अँड वी फेल. ऑल ऑफ अस."

वैजयंतीबाईंना हा माणूस एकदम आवडला. सकाळपासून त्यांच्या पडण्यावर दात न काढणारा हा पहिलाच. बरं वाटून त्या नीट उभ्या राहायला गेल्या आणि त्यांची स्की घसरून आजोबांच्या बुटावर चढली.

पाय लागला! तोही इतक्या वयाच्या माणसाला!

पाय लागला की हात खाली जातो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. बाईंचे गुडघे वाकले, मान खाली गेली, उजवा हात नमस्काराला पुढे झाला. आणि सकाळपासून स्की ज्याची वाट बघत होत्या ते पुढे वाकणं मिळाल्यावर त्या थांबतात थोड्याच! हात बुटापर्यंत पोचायच्या आत बाई निघाल्या.

"आई! तसंच! तसंच राहा!" मागून शार्दूल ओरडत होता.

दुसरं काही करणं शक्यही नव्हतं. कानांत वारा शिरला. कुंपण मागे गेलं, झुडपं मागे गेली. आता पडणार, आता पडणार असं म्हणता म्हणता अर्धा उतार संपला तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की आपण पडत नाही आहोत. मग मात्र त्यांना पोटातून हसू फुटलं. इतका आनंद झाला, की लाज वाटायचीसुद्धा राहून गेली. "बाजूला व्हा रे!" त्यांनी स्कॉटिश पोरांना चक्क मराठीत दटावलं. पोरं बाजूला झाली. एवढ्या वेगाने येणाऱ्या बाईची भाषा कुणालाही कळते.

खाली सपाटी आली, स्की मंदावल्या आणि चंद्रशेखरांच्या समोर येऊन आपोआप थांबल्या. बाई उभ्या होत्या. हात अजून पुढेच होता.

चंद्रशेखरांचं तोंड उघडं होतं. कॅमेरा मनगटाला लोंबत होता.

"अगं, तू उभी आहेस!"

"मग?"

"कसली आलीस गं! मी नुसता बघतच राहिलो." मग त्यांना आठवलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अरेरे, शूटच केलं नाही मी! परत एकदा ये ना, प्लीज."

वैजयंतीबाई केव्हाच दोराच्या दिशेने सरकू लागल्या होत्या.

"येते. पण तुमच्या कॅमेऱ्यासाठी नाही हं," त्या मागे न बघता म्हणाल्या. "त्या आजोबांना नमस्कार करायचा राहिलाय माझा."