निर्मळ पाणी

हेमांगीने शुद्ध करून आणलेलं नदीचं पाणी प्यायल्यापासून तिच्या आईचे हातपाय थरथर कापत होते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हेमांगीने गावच्या नदीतलं विष खाणारा जिवाणू वाढवला होता. त्याबद्दल तिला सुवर्णपदकही मिळालं होतं.

तिचे मार्गदर्शक पागेसर यांनी आईचं रक्त तपासलं आणि मान खाली घातली. "पिढ्यान्पिढ्या तेच पाणी पिऊन तुमच्या गावाची शरीरं विषावरच पोसली गेलीत. ते विष मिळायचं बंद झालं, तर आई जगायच्या नाहीत."

हेमांगीने नदीचं तांबूस पाणी पेल्यात भरलं आणि रडू आवरत आईच्या ओठांना लावलं. हळूहळू आईची थरथर थांबली.

"गोड आहे गं," डोळे मिटूनच आई म्हणाली. "तू शुद्ध केलेलंच ना?"

"हो आई," म्हणत हेमांगीने पेला पुन्हा भरला.