उद्याचं प्रकाशन

“नाही जमत, मास्तर! इथं सूर कसा चढला पाहिजे! ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे, काटा!”

प्रशांतने हातातली पुस्तिका मांडीवर आपटली. बँडच्या ज्ञानू मास्तरने पितळी कॉर्नेट तोंडावेगळं केलं, आतली थुंकी झटकली आणि बाकीच्या वाजवणाऱ्यांना हाताने थांबवलं. कोरेगावजवळच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारपासून एकच गाणं दळलं जात होतं.

प्रशांत सांगलीचा. तो पेटी शिकवायचा, गाणी रचायचा आणि त्यांची नोटेशनं छापायचा. सीमेवर लढाई पेटली तशी त्याने आपल्या देशभक्तीच्या गाण्यांची पुस्तिका घाईघाईने छापून घेतली. बँडवाल्यांनी, शाळांनी, मंडळांनी ती वाजवावीत म्हणून त्याने दोन जिल्हे पालथे घातले. हा वाहत्या गंगेत हात धुऊन घेतोय असं कोणी म्हटलं असतं तर त्याला राग आला असता. तो देशाचं काम करत होता. त्यात आपलंही थोडं नाव झालं तर देशाची काही हरकत नसावी, एवढंच त्याचं म्हणणं.

उद्या कोरेगावात प्रकाशन होतं, मास्तरच्या बायकोच्या, अंबूबाईच्या हस्ते. त्यांचा शिवतेज फौजेत. अर्ध्या रजेतच त्याला बोलावणं आलं होतं आणि तो सीमेवर गेला होता. पोरगा आघाडीवर, बाप कॉर्नेट वाजवतोय आणि आई पुस्तिका उघडतेय. असा फोटो प्रशांतला शोधून सापडला नसता.

“जरा दमानं घिऊया की,” मास्तर म्हणाला. “गाणं बसाय येळ लागतुया. एवढी गडबड कशापायी?”

“गडबड नको तर काय! लढाई आहे तोवरच लोक ऐकतील, मास्तर. तवा तापलाय तोवर...”

मास्तरने कॉर्नेट पुन्हा ओठाला लावलं.

तेवढ्यात अंबूबाई चहा घेऊन आली. पोरगा गेल्यापासून तिचं बोलणं कमी झालं होतं. मोबाइल मात्र कंबरेच्या पिशवीत सारखा असायचा, पाण्याला गेली तरी. ती कप वाटायला वाकली आणि ढोलवाला आप्पासो हातातल्या फोनकडे बघत एकदम उभाच राहिला.

“मास्तर! थांबली! लढाई थांबली! दोन्हीकडनं गोळीबार बंद झाला म्हणं!”

अंबूबाईने चहाचा ट्रे जमिनीवर ठेवला आणि तिथंच शेजारी बसली.

“अरेरे! उद्यापर्यंत तरी चालायला...”

प्रशांतने जीभ चावली. पण जिभेला हाड नसतं, ती सांगायचं ते सांगून मोकळी झाली होती. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. आप्पासो फोनची काच उगाच विजारीला पुसत राहिला. मास्तरने फडकं घेऊन कॉर्नेट घासायला सुरुवात केली, जिथं स्वच्छ होतं तिथंच.

प्रशांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कार्यक्रमाच्या तयारीबद्दल बोलत होतो, असं काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी, हा विचार मनात आला. सांगणार काय? तोंडातून चुकून निसटलेला शब्द नव्हता तो. तोफा थांबल्याचं त्याला खरंच वाईट वाटलं होतं. घटकाभर का होईना, मनापासून. एका आईसमोर.

अंबूबाई उठली. घरातून साखरेचा डबा घेऊन आली आणि एकेकाच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवत निघाली. ढोलवाल्याला दिली, नवऱ्याला दिली, आणि प्रशांतसमोर येऊन थांबली. त्याचा हात पुढे होईना.

“घ्या की. तोंड ग्वाड करा.”

त्याने हात पुढे केला. हिने ऐकलं की नाही? तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. साखर मुठीत धरून तो तसाच बसून राहिला.

“म्या उद्या येनार बरं का,” अंबूबाई म्हणाली. “तुमास्नी सबूद दिलाय. तुमचं पुस्तक मीच उघडनार. पन मला येक सांगा. शिवतेज ऱ्हायलेली रजा घ्याला आता यील. त्याला फाट्यापासनं घरापतूर वाजवत आनायचा, आसं म्हनतीया मी. ह्यातलं कंचं गानं वाजवाय सांगू ह्यास्नी?”

“आहे की,” प्रशांत म्हणाला आणि त्याने पुस्तिका उघडली.

पहिल्या गाण्यात जवान घरातून निघत होता. दुसऱ्यात छातीवर गोळी झेलत होता. तिसऱ्यात आईला सांगत होता, माझी वाट बघू नकोस. त्याने पान उलटलं, आणखी उलटलं. सगळे निघालेले, सगळे लढणारे, सगळे पडणारे. घरी येणारा एकच सापडला, तोही तिरंग्यात गुंडाळलेला. ते पान त्याने भरकन पालटलं. गाणी त्याचीच होती, चाली त्याच्याच, आणि परत आलेल्या पोरासाठी त्यात एक ओळ नव्हती.

मुठीतली साखर घामाने विरघळली होती. पानं बोटांना चिकटायला लागली. तो मागून पुढे चाळत आला, पुन्हा मागे गेला. मास्तर कॉर्नेट मांडीवर घेऊन बघत होता. अंबूबाई डबा पोटाशी धरून समोर उभी होती.

“सावकास बगा,” ती म्हणाली. “आता कसली गडबड हाय?”