एका दमात

डोंगरमाथ्यावरच्या खाणगावात फोर्तुनाताला हल्ली दोन शब्दांनंतर श्वासासाठी थांबावं लागे. “या वयाला विरळ हवा सोसत नाही, खाली राहायला जा,” डॉक्टरांनी बजावलं होतं. नवऱ्याला, एलेउतेरिओला, घर सोडवत नव्हतं. तो आठवडाभरच राहून बघायला कबूल झाला. बस वानुकोच्या खोऱ्यात उतरली आणि खिडकीशी संत्रीवाली आली. भाव ऐकताच फोर्तुनाता उसळली: “बाई गं, सालं सोन्याची आहेत की बिया मोत्याच्या, पलीकडची निम्म्यात देतेय आणि वर दोन हसत घालतेय.” एलेउतेरिओ बघतच राहिला. ती मध्ये थांबलीच नव्हती. ओठांचा निळसरपणाही ओसरला होता. तो मुद्दाम म्हणाला, “घे की, स्वस्तच आहेत.” “तुम्ही गप्प बसा. जन्मभर दगड फोडणाऱ्याला संत्र्यातलं काय कळतंय?” तिचं बोलणं संपेपर्यंत त्याने वरचं घर मनातल्या मनात विकून टाकलं होतं.