उजवा कौल

मूर्तीला दोन्ही बाजूंना फुलांच्या पाकळ्या लावून बराच वेळ झाला तरी एकही पडेना. भटजी गाभाऱ्यात हात जोडून उभे होते. उंबऱ्याबाहेर गोकुळदास, त्याची बायको देवकी आणि मुलगा गौरेश श्वास रोखून मूर्तीकडे बघत होते. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार.

गौरेशला लिस्बनमध्ये नोकरी मिळाली होती. आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमलातला, त्यामुळे पासपोर्टही तिथला मिळणार होता; पण तो हातात आला की इथला परत करायचा. गोकुळदासला हे पटत नव्हतं आणि पोराला अडवणंही जमत नव्हतं. त्यांच्या घराण्यात कौल लावल्याशिवाय कोणी साधी विहीर खणली नव्हती. शेवटी बापलेकांचं ठरलं, देव सांगेल ते.

म्हणून सकाळीच कोरगावहून निघाले. नाव सहलीचं. वाटेत डिचोलीकडे एका जुन्या लेखकाचं घर लागलं, त्याचं आता संग्रहालय केलं आहे. गौरेश त्या लेखकाचा कॉलेजपासूनचा वेडा चाहता. तिथल्या बाईंनी खोल्या दाखवता दाखवता सांगितलं, की मुंबईत होता तोवर हा माणूस भराभर लिहायचा. मग आईनं शपथ घालून घरी आणला, आणि मरेपर्यंत त्यानं एक ओळ लिहिली नाही. गौरेश त्याच्या टेबलापाशी खिळून राहिला. देवकीला वाटलं, बाई आपल्यालाच टोमणा मारतेय. ती तडक बाहेर येऊन गाडीत बसली.

तिथून ते या कदंबांच्या काळच्या नगरात आले. नगर म्हणजे पडका तट आणि चार घरं, पण देव जागृत. मनात प्रश्न कोण धरणार, असं भटजींनी विचारलं, तेव्हा गोकुळदासनं बायकोला पुढे केलं. आईचं गाऱ्हाणं देव आधी ऐकतो म्हणाला. देवकीनं डोळे मिटून धरायचं ते मनात धरलं.

आणि आता पाकळी पडली. उजवी.

गोकुळदासनं मोठा सुस्कारा सोडला आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवला. तिकीट काढ म्हणाला. भटजींनी तीर्थ दिलं. देवकी मात्र जागची हलली नाही. नुसतं तोंड उघडायचं होतं, देव तिच्या बाजूनं होता. तिनं वळून पाहिलं. गौरेश हसत नव्हता. लहानपणी ताप चढला की बघायचा, तसा तो तिच्याकडे बघत होता. तिचा जीव तुटला.

"आये, तू देवाक काय इचारलंस?"

"तू जावचंस काय, ताच. देव होय म्हणालो. जा आता."

त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. देवकीनं गाभाऱ्याकडे बघून हात जोडले. देवा, पोर इथंच राहू दे म्हणून मी उजवी मागितली, तूही दिलीस. आता ती परत घे.