पेमाचा सराव

भूतानहून जनावरांची डॉक्टर व्हायला नागपूरला आलेली पेमा धास्तावली होती. सोमवारच्या परीक्षेत गायीच्या मालकाशी मराठीत बोलायचं होतं आणि सरावाला माणूस मिळत नव्हता. तिनं मराठीत तोंड उघडलं, की अख्खं नागपूर पाहुणचार म्हणून हिंदीत उत्तर द्यायचं. घरमालकीण सुभद्राकाकूसुद्धा.

आज पेमाला यायला उशीर झाला, त्यात फोन बंद. काकू फाटकातच उभ्या होत्या.

“काहून वं, फोन कायले ठेवला मंग? जीव टांगणीले लागला ना माहा! काही खाल्लं का दिवसभर?”

पेमाच्या डोळ्यांत पाणी आलं. काकू वरमल्या.

“सॉरी बेटा, वो जरा गुस्से में—”

“नाही काकू,” पेमा घाईघाईनं म्हणाली, “मराठीतच रागवा.”