तेजोमेघाची नोंद

वेल्ह्याजवळचं पठार, जानेवारी.

८.५०. दुर्बीण मृगाच्या डावीकडच्या रोझेट तेजोमेघावर लावली. चंद्राच्या दुपटीहून रुंद, पण विरत्या धुरासारखा फिका. बघणार हे आणि लिहिणार मी, असं तीस वर्षं चाललं. पण डोळ्यांची मधली नजर गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, यांनी दुर्बिणीला डोळा लावलेला नाही. आज नुसते सोबतीला आलेत. खुर्चीसुद्धा दुर्बिणीकडे पाठ करून मांडली आहे.

८.५५. मला काहीही दिसलं नाही.

"रोखून बघत असशील," हे पाठमोरेच म्हणाले. "इतकं अंधूक काही सरळ बघून दिसत नाही. नजर जरा बाजूला ठेवायची, मग ते डोळ्याच्या कोपऱ्यात उमटतं."

"अहो, मग तुम्हीच या की! कोपरेच तर शिल्लक आहेत तुमच्याकडे."

हे हसले नाहीत. मी नको ते बोलून बसले.

९.०२. खुर्ची रिकामी. हे दुर्बिणीपाशी उभे.

९.०६. "लिही. राखाडी कडं आहे. मधे पोकळ. एक बाजू जाड, दुसरी विरलेली." आवाज कापरा. थंडीमुळे, असं लिहिते.

९.१५. मी माझी पाळी मागितली. "थांब गं जरा."

९.३०. पुन्हा मागितली. "तुला कुठे दिसतंय? तू लिही."

९.४०. पाय गारठलेत. तिसऱ्यांदा मागणार नाही.